नलारबोरचा सरळ रस्ता आणि गाडीच्या नाकावरचे ओझे

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यालगत नलारबोर नावाचे विस्तीर्ण पठार पसरलेले आहे. नाव ऐकून ते तिथल्या आदिवासींच्या भाषेतले असावे असे वाटते, पण ते लॅटिन शब्दांवरून तयार झालेले आहे. अर्थ एवढाच की, ‘एकही झाड नाही’. १८६० च्या दशकात सर्वेक्षक एडमंड डेलिसर यांनी हे नाव दिले. सुमारे २ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ दोन तृतीयांश एवढा हा प्रदेश म्हणजे चुनखडीचा एक प्रचंड सपाट थर आहे. पडलेला पाऊस खडकाच्या भेगांतून खाली झिरपून जातो. त्यामुळे पठारावर नदी नाही, ओढा नाही आणि नजर अडेल असा डोंगरही नाही.

या पठाराच्या दक्षिण कडेने एक महामार्ग जातो. पूर्वेकडील पोर्ट ऑगस्टा आणि पश्चिमेकडील नॉर्समन ही गावे जोडणाऱ्या या रस्त्याची लांबी १६०० किलोमीटरहून अधिक आहे. १८४०-४१ मध्ये एडवर्ड जॉन एअर या संशोधकाने वायली नावाच्या आदिवासी सोबत्याच्या साथीने हा किनारा पायी आणि घोड्यांच्या मदतीने पार केला. त्याच्याच नावावरून हा ‘एअर महामार्ग’. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१-४२ मध्ये, इथे कच्चा रस्ता झाला. पूर्ण डांबरीकरण मात्र १९७६ मध्ये संपले.

बॅलाडोनिया आणि काइगुना या दोन ठाण्यांमधला १४६.६ किलोमीटरचा टप्पा तर एका रेषेत आखल्यासारखा आहे. एकही वळण नाही. जगातल्या सर्वांत लांब सरळ रस्त्यांमध्ये त्याची गणना होते. अशा रस्त्यावर गाडी चालवणे म्हणजे निव्वळ स्टिअरिंग धरून बसणे, असे नवख्या प्रवाशाला वाटते. पण गाडीत कुठे काही दोष असेल तर तो उघडा पाडणाराही हाच रस्ता आहे. घाटात वळणेच इतकी असतात की गाडी किंचित ओढ खाते आहे हे कळतही नाही. इथे मात्र तासभर स्टिअरिंग एका बाजूला दाबून धरावे लागले की मनगटे बोलू लागतात.

ठाणी, घड्याळे आणि घोडे

या रस्त्यावर गावे अशी फारशी नाहीत. ठरावीक अंतराने ‘रोडहाऊस’ लागतात. एकाच छपराखाली पेट्रोल पंप, खानावळ, काही खोल्या आणि जुजबी दुरुस्तीची सोय. दोन ठाण्यांमध्ये कधी ७०, तर कधी जवळजवळ २०० किलोमीटरचे अंतर असते. काइगुनापासून पूर्वेकडे राज्याच्या सीमेपर्यंतच्या पट्ट्यात घड्याळही वेगळे चालते. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वेळेपेक्षा ४५ मिनिटे पुढे! रस्त्यावर काही ठिकाणी पांढरे जाड पट्टे रंगवलेले दिसतात. ती आहे विमानाची धावपट्टी. १९२८ पासून चालत आलेल्या ‘फ्लाइंग डॉक्टर’ सेवेचे विमान आणीबाणीच्या प्रसंगी वाहने थांबवून याच डांबरावर उतरते. सर्वांत जवळचे इस्पितळ किती दूर असेल, याची कल्पना त्यावरून यावी.

भारतीय प्रवाशाला इथे एक ओळखीचे नावही भेटते. मदुरा नावाच्या ठाण्यावर १८७६ पासून हिंदुस्थानातील ब्रिटिश फौजेसाठी घोडे पैदा केले जात. रस्त्याकडेच्या पिवळ्या पाटीवर कांगारूच्या जोडीला उंटाचेही चित्र दिसते. ते उंटही मूळचे ऑस्ट्रेलियाचे नव्हेत. १८६० मध्ये एका शोधमोहिमेसाठी कराचीहून दोन डझन उंट जहाजाने आणले गेले आणि पुढे हजारो आले. मोटारी आल्यावर त्यांचे काम संपले, मालकांनी त्यांना मोकळे सोडले आणि आज त्यांचे वंशज रानात भटकताना दिसतात.

गाडीच्या छातीवर चिलखत

मोटारीतून जाणाऱ्याला खरी धास्ती असते ती या प्राण्यांचीच. संपूर्ण पठार उघडेबोडके असले तरी महामार्ग ज्या कडेने जातो तिथे बऱ्याच भागात झुडपे आणि खुरटी झाडे आहेत. दिवसा कांगारू त्यांच्या सावलीत पडून राहतात. सूर्य कलला की चरायला बाहेर पडतात. मोठा तांबडा नर ८५ किलोपर्यंत भरतो आणि तो कधी, कुठल्या बाजूला उडी घेईल हे सांगता येत नाही. दिव्यांच्या झोताने बिथरून तो थेट गाडीपुढेच येतो. नुसत्या धडकेने रेडिएटर फुटला तरी गाडी जागीच बसते आणि पुढचे ठाणे १०० किलोमीटरवर असते.

म्हणूनच तिथल्या फोर व्हील ड्राइव्ह गाड्यांच्या तोंडाला पोलादी किंवा अॅल्युमिनियमचा भक्कम सांगाडा बसवलेला असतो. त्याला ‘बुल बार’ म्हणतात, बोलीत ‘रू बार’. रू म्हणजे कांगारू. हा बार शोभेचा नसतो. तो थेट चासिसला बोल्टने जखडलेला असतो आणि दिवे, रेडिएटर, पंखा यांच्यापुढे ढाल होऊन उभा राहतो. त्यावर जादा दिवे, रेडिओची उंच अँटेना आणि चिखलातून गाडी ओढून काढणारी विंचही बसवतात.

मात्र बार बसवून निघालेल्या अनेकांचा पहिल्याच लांब प्रवासात हिरमोड होतो. काल लोण्यासारखी चालणारी गाडी आज रस्ता धरत नाही. नव्वदच्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागते. समोरून दोन-दोन ट्रेलर ओढणारा अजस्र ट्रक गेला की हवेच्या झोताने गाडी हेलकावते आणि सावरायला वेळ लागतो. दिवे रात्री जवळचाच रस्ता उजळतात. टायरची आतली कड झिजू लागते. दोष बारचा की गाडीचा, हेच मालकाला उमगत नाही.

१०० किलोंचे १३५ किलो

याचे उत्तर साध्या तरफेत आहे. पोलादी बार ५०-६० किलोंचा, विंच आणि दिवे मिळून आणखी ४० किलो धरले तर वजन होते १०० किलो. दोन टन वजनाच्या गाडीला हे काहीच नाही असे वाटेल. पण हे वजन गाडीच्या मध्यावर नसून पुढच्या चाकांच्याही पुढे लोंबते. समजा पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर २.८५ मीटर आहे आणि बारचे वजन पुढच्या चाकांच्या १ मीटर पुढे आहे. मग पुढच्या चाकांवर १०० नव्हे, सुमारे १३५ किलो भार वाढतो आणि मागच्या चाकांवरचा भार ३५ किलोंनी हलका होतो. सीसॉवर एका टोकाला मूल बसले की दुसरे टोक उचलते, तसाच हा प्रकार.

परिणामी पुढच्या स्प्रिंगा दबतात आणि गाडी नाक खाली घालून उभी राहते. इथूनच दुखणे सुरू होते. सायकलचा पुढचा चिमटा तिरपा का असतो? त्या तिरपेपणामुळेच चाक आपसूक सरळ होऊ पाहते आणि क्षणभर हात सोडूनही सायकल चालवता येते. मोटारीच्या पुढच्या चाकांनाही असाच तिरपा कोन दिलेला असतो. नाक खाली गेले की हा कोन कमी होतो. मग वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होण्याची ओढ मंदावते आणि सरळ रस्त्यावर गाडी डावीउजवीकडे भटकू लागते. चाके वरून आत झुकतात, म्हणून टायरची आतली कड झिजते. शिवाय दबलेल्या स्प्रिंगला खड्ड्यात आणखी दबायला जागा उरत नाही, तेव्हा धक्का थेट हातांपर्यंत पोहोचतो.

थरथर नेमकी कुठली?

कुशल मेकॅनिक गाडीला हात लावण्याआधी मालकाला चार प्रश्न विचारतो. थरथर कोणत्या वेगाला येते? ९० ते १०० च्या दरम्यान येऊन वेग वाढवल्यावर कमी होत असेल, तर बहुधा चाकांचे बॅलन्सिंग बिघडलेले असते. बारबरोबरच जाड नक्षीचे नवे टायर घातलेले असतात आणि दोष मात्र बारच्या माथी मारला जातो.

ब्रेक दाबल्यावरच स्टिअरिंग हलते का? मग ब्रेकच्या डिस्क तपासाव्यात. थरथर हाताला न जाणवता सीटला जाणवते का? मग कारण बरेचदा मागच्या चाकांत किंवा प्रोपेलर शाफ्टमध्ये सापडते. आणि स्टिअरिंग शांत असून बॉनेट व दिवेच थरथरतात का? मग बार नीट बसलेला नाही. त्याचे बोल्ट सैल आहेत किंवा एका बाजूचे जास्त आवळले गेले आहेत. अशा गाड्यांची बॉडी रबरी तुकड्यांवर टेकलेली असते आणि बार चासिसला घट्ट असतो. दोघांचे हलणे वेगवेगळे. त्यांच्यामध्ये पुरेशी फट ठेवली नाही तर ते एकमेकांना घासतात.

सर्वांत भीतिदायक प्रकार आणखी वेगळा आहे. पुढचा ॲक्सल अखंड असलेल्या गाडीचे चाक एखाद्या खड्ड्यावर आदळते आणि स्टिअरिंग एकाएकी जोरजोरात डावीउजवीकडे झडू लागते. वेग अगदी कमी केल्याशिवाय ते थांबत नाही. इथे मूळ रोग बहुतेकदा जुनाच असतो. झिजलेले बुश, ढिले झालेले स्टिअरिंगचे सांधे, थकलेला डॅम्पर. आतापर्यंत ते कसेबसे निभावत असतात. नाकावर वाढलेले ओझे आणि जड टायर त्यांचे पितळ उघडे पाडतात.

औषध सोपे, पण वेळेवर हवे

बार बसवण्याआधीच पुढच्या ॲक्सलची वजन पेलण्याची क्षमता किती हे पाहावे आणि सामान, माणसे भरून गाडी वजनकाट्यावर नेऊन खात्री करावी. वाढलेल्या वजनाला साजेशा पुढच्या स्प्रिंगा आणि त्यांच्या जोडीचे शॉक अॅब्सॉर्बर घालावेत. एकच बदलून दुसरे जुने ठेवले तर गाडी उसळ्या मारते. स्प्रिंगाही गरजेपेक्षा कडक नकोत, नाहीतर प्रवासात हाडे खिळखिळी होतात. त्यानंतर चाकांचे अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करावे, दिव्यांचा झोत पुन्हा लावून घ्यावा आणि काहीशे किलोमीटर झाल्यावर बारचे सगळे बोल्ट ठरवून दिलेल्या मापाने पुन्हा आवळावेत. विंचची खरोखर गरज नसेल तर ती घेऊच नये. अॅल्युमिनियमचा बार पोलादीपेक्षा हलका असतो, हेही ध्यानात ठेवावे. एअरबॅग असलेल्या गाडीला त्याच मॉडेलसाठी तपासून तयार केलेलाच बार लावावा. धडकेची जाणीव एअरबॅगच्या यंत्रणेला केव्हा होते, यावर बारचा परिणाम होऊ शकतो.

लोखंडाचा भरवसा

एवढे सगळे केले तरी एक गोष्ट उरतेच. ताशी ११० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ३० मीटर धावते. कांगारू दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तरी ४५ मीटर अंतर मागे पडलेले असते. ब्रेक लागून गाडी थांबायला त्याहून अधिक अंतर लागते. दचकून स्टिअरिंग फिरवले तर उंच, सामानाने भरलेली आणि नाकाशी जड झालेली गाडी उलटण्याचीच भीती. म्हणून तिथले जाणते चालक सांगतात, ब्रेक दाबा, पण गाडी सरळच ठेवा. अगदी त्याच क्षणी गाडीने हुकूम मानायला हवा असतो. बार बसवून हुकूम न मानणारी गाडी घेऊन निघालेला माणूस ढाल घेऊन लढाईला जातो खरा, पण त्याचा घोडाच बिथरलेला असतो.

दुसरा धोका मनातला आहे. पुढे लोखंड आहे या भरवशावर पाय ॲक्सिलरेटरवर अधिक दाबला जातो आणि अंधार पडला तरी ‘अजून एक ठाणे गाठू’ असे वाटते. बार गाडीचा रेडिएटर वाचवील, पण आतल्या माणसांना बसणारा हिसका तो नाहीसा करू शकत नाही. भाड्याने गाड्या देणाऱ्यांच्या अनेक करारांत गावाबाहेर रात्री गाडी चालवण्यास मनाई असते, ती उगीच नव्हे.

आपल्याकडे तर कांगारूही नाहीत. तरीही शहरातल्या जीपगाड्यांना चकचकीत बार लावण्याची हौस वर्षानुवर्षे चालत आली. आपल्या रस्त्यावर त्या बारपुढे येणार ते पादचारी, सायकलस्वार आणि स्कूटरवरचे कुटुंब. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून असे बार मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चा भंग करतात, हे स्पष्ट केले आणि कारवाई करण्यास सांगितले. जिथे बारची गरज आहे तिथेही त्याची किंमत स्टिअरिंगवरच्या हातांना मोजावी लागते. मग जिथे गरजच नाही, तिथे नुसत्या रुबाबासाठी ती का मोजावी?

नलारबोरच्या वाटेवर दुपार कलू लागली की रोडहाऊसच्या आवारात गाड्यांची गर्दी होऊ लागते. बार असलेल्या येतात, नसलेल्याही येतात. मुले हातपाय मोकळे करतात, चहा होतो, कुणीतरी वाकून बारचे बोल्ट चाचपून पाहतो. पुढचा टप्पा उद्या सकाळी, ऊन चांगले वर आल्यावर. त्या रस्त्यावर वर्षानुवर्षे ये-जा करणारी माणसे याच नियमावर सर्वांत जास्त विसंबून असतात आणि या नियमाला काहीच वजन नसते.