आर्मेरोचा नकाशा

७ नोव्हेंबर
कोलंबियातल्या नेवादो देल रुइस या ज्वालामुखीचा उंचीचा आराखडा आज संगणकावर उतरवला. २००० साली अवकाशयानातल्या रडारने टिपलेली ही उंची. एकेक चौकोन साधारण ३० मीटरचा. डोंगर ५,३२१ मीटर उंच, माथ्यावर कायमचा बर्फ. १९८५ चा उद्रेक तसा लहानच होता, पण तापल्या राखेने बर्फ वितळवला आणि ते पाणी दऱ्यांतली माती-धोंडे ओढत खाली निघालं. अशा लोंढ्याला लाहार म्हणतात.

९ नोव्हेंबर
लाहारझेड हे प्रारूप चालवलं. लोंढ्याचं घनफळ दिलं की तो किती जमीन व्यापेल ते सांगतं. घनफळ दहापट केलं तर क्षेत्र जेमतेम साडेचार-पावणेपाच पट होतं, म्हणजे अंदाज थोडा ढळला तरी निष्कर्ष पार कोसळत नाही. मात्र हे घनफळ माथ्यावर मोजून भागत नाही. रुइसचे लोंढे वाटेतला गाळ गिळत काही ठिकाणी चौपट फुगले होते. शिवाय ३० मीटरच्या चौकोनात अरुंद घळी बुजून जातात, म्हणून संध्याकाळ आर्मेरो गावाकडे उतरणाऱ्या लागुनिया नदीचं पात्र तपासण्यात गेली.

११ नोव्हेंबर
सेंटिनेल-१ उपग्रहाच्या रडारप्रतिमा पाहिल्या. दोन प्रतिमांच्या तुलनेत उमटणारं एक रंगचक्र म्हणजे जमीन उपग्रहाच्या दिशेने किंवा त्याच्यापासून दूर २.८ सेंटिमीटर सरकल्याची खूण. बर्फावर आणि दाट झाडीत ही खूण विस्कटते.

१३ नोव्हेंबर
१९८५ सालची आजचीच तारीख. रात्री नऊनंतर उद्रेक झाला, साडेअकराच्या सुमारास लोंढा आर्मेरोत शिरला. सुमारे २९,००० वस्तीतली २०,००० हून अधिक माणसं गेली. धोक्याचा नकाशा ऑक्टोबरमध्येच तयार होता आणि आर्मेरो त्यात लोंढ्याच्या पट्ट्यातच होतं. १५९५ आणि १८४५ सालीही तिथे असेच लोंढे आले होते. दुपारी राख पडली तेव्हा लोकांना शांत राहा, घरातच थांबा असं सांगितलं गेलं. उंच जमीन गावापासून चालत जाण्याइतकी जवळ होती. अडीच तास हाताशी होते! हे वाचताना आजही हात थरथरतो.

१५ नोव्हेंबर
फिलिपिन्सच्या पिनातुबो ज्वालामुखीची कागदपत्रं वाचली. १९९१ मध्ये तिथे नकाशाच्या जोडीला ज्वालामुखीतज्ज्ञ मॉरिस क्राफ्ट यांनी चित्रित केलेली लाहारची, तप्त राखेच्या लोटांची दृश्यंही लोकांना दाखवली गेली. १५ जूनच्या महाउद्रेकाआधी हजारो लोक हलवले गेले आणि वाचले.

माझ्या मते नकाशावर धोक्याचा नुसता लाल पट्टा पुरेसा नाही. धोक्याचे नकाशे करणाऱ्या प्रत्येकाला विनंती आहे: गावापाशी लोंढा किती वेळात पोचेल ते लिहा आणि कोणत्या टेकडीवर चढायचं ते दाखवा.