पायीची वहाण पेडलवर बरी

तर झालं असं, की गेल्या पावसाळ्यात मी पुणे-नाशिक रस्त्यावर कुरुळीजवळ सायकलसकट आडवा झालो. मागचा टेम्पोवाला वेळेत थांबला म्हणून आज हे लिहायला शिल्लक आहे. नडगीवर पेडलच्या पिनांची तीन भोकं, सोललेलं कोपर आणि ऑफिसात सांगायला एक किस्सा, एवढ्यावर निभावलं. कारण? खड्डा नाही, ब्रेक नाही. बूट!

आठवड्यातून तीन दिवस मी मोशीहून म्हाळुंग्याच्या प्लांटवर सायकलने जातो. एका बाजूला साधारण पंधरा किलोमीटर. हेल्मेट, मागचा लाल दिवा, टायरचं प्रेशर, सगळ्यावर मी रात्र रात्र जागून वाचलं होतं. बुटांवर मात्र शून्य मिनिटं. कपाटात पळायचे बूट होते, तेच चढवले. मऊ मऊ, ढगावर चालल्यासारखे. आणि तिथेच घोटाळा झाला.

म्हणजे बघा, पळताना टाच जमिनीवर आपटते, म्हणून पळायच्या बुटाला जाड फोम असतो. सायकलवर काहीच आपटत नाही. तिथे चवडा पेडलच्या जेमतेम दहा सेंटिमीटर रुंदीवर सतत दाबत असतो. सोल मऊ असला की पेडलभोवती वाकतो आणि सगळा भार एकाच जागी येतो. मिनिटाला सत्तर फेरे धरले, तर पाऊण तासात प्रत्येक पाय तीन हजारांच्या वर वेळा दाबतो. चवड्यातून बोटांकडे जाणाऱ्या नसा चेपल्या जातात आणि मुंग्या येतात. शिवाय त्या सोलला खाली लहान लहान ठोकळे असतात. त्यात कुरुळीचा चिखल बसला की पेडलवर साबण लावल्यासारखं होतं. माझा पाय नेमका जोर लावताना सटकला.

आता काही जण म्हणतील, मग क्लीट लाव ना! बुटाच्या तळाला खटका, तो पेडलमध्ये अडकतो, पाय सटकायचा प्रश्नच मिटला. लुक नावाच्या फ्रेंच कंपनीने 1984 साली असे पेडल आणले. बर्नार्ड इनोने 1985 ची टूर द फ्रान्स ते वापरून जिंकली आणि मग सगळं रेसिंगचं जगच तिकडे वळलं. पण इनोच्या वाटेत चाकणचा तळेगाव चौक नव्हता हो! कंटेनर, कंपनीच्या बसेस, उलट्या बाजूने येणारे दुचाकीवाले. चौक ओलांडेपर्यंत मी दहा-पंधरा वेळा पाय खाली टेकतो. तिथे टाच फिरवून खटका सोडवत बसणं मला तरी जमणार नाही. मला सपाट पेडलच हवं. म्हणजे बूट असा हवा, की पाय नको तेव्हा सुटणार नाही आणि हवा तेव्हा चटकन सुटेल. शिवाय तो घालून प्लांटच्या गेटपासून डेस्कपर्यंत चालता आलं पाहिजे.

पडल्यावर मी इंजिनिअरला शोभेल असं केलं. एक्सेल शीट केली! माउंटन बाइकवाल्यांसाठी खास सपाट पेडलचे बूट मिळतात. फाइव्ह टेन हे त्यातलं मोठं नाव. मुळात ही गिर्यारोहणाच्या बुटांची कंपनी. कातळाला चिकटणारं त्यांचं रबर पेडलच्या पिनांनाही चिकटतं, हे लक्षात आल्यावर सायकलवाले त्यांच्याकडे वळले. शीटमध्ये अठरा ओळी झाल्या. शेवटी एका दुसऱ्याच ब्रँडचा जोड सेलमध्ये दिसला. चाळीस टक्के सूट, फक्त आठ नंबर शिल्लक. मी साडेआठ-नऊच्या मधला. म्हटलं, घातल्यावर सैल होतील.

नाही झाले. पकड झकास होती, सोल कडक होता, पण आळंदी फाटा येईपर्यंत दोन्ही करंगळ्या बधिर. परत करायची मुदत उलटून गेली. पैसे दिलेत म्हणून मी तीन आठवडे तेच घालून रेटत राहिलो. घरी कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय?

एका संध्याकाळी मी सोफ्यावर बसून बोटं चोळत होतो. बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "बूट लहान घेतलास?"

"नाही बाबा, नवीन आहेत. होतील सैल."

त्यांनी काही न बोलता मोजा काढला. त्यांचा उजवा पाय मी लहानपणापासून बघत आलोय, पण खरं म्हणजे कधी नीट पाहिलाच नव्हता. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली, नख काळं आणि जाड.

बाबा भोसरी एमआयडीसीत एका कारखान्यात होते. 1990 च्या आसपास कासारवाडीहून सायकलने जायचे, घरून निघतानाच सेफ्टी शूज घालून. नोकरी लागली तेव्हा स्टोअरवाल्याने सांगितलं, आठ नंबर संपलाय, सात घेऊन जा, पुढच्या वेळी बदलून देऊ. पुढची वेळ वर्षाने आली, आणि तेव्हाही सातच. सेफ्टी शूजची पुढची पोलादी टोपी 200 जूलचा आघात सोसते. म्हणजे साधारण वीस किलोचं वजन मीटरभर उंचीवरून पडलं तरी बोटं वाचतात. पण पोलाद सैल होत नाही. आतल्या बोटांनाच जागा करून घ्यावी लागते.

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"नवीन नोकरी होती. आणि सोल चांगला होता रे, कडक. पेडल मारायला एकदम बरा." असं म्हणून ते हसले. मला हसू आलं नाही. त्यांना दुसरा जोड मिळणार नव्हता. मी मात्र चाळीस टक्क्यांसाठी तेच करत होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पिंपरी कॅम्पात गेलो. संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो आणि सकाळी घेतलेला बूट संध्याकाळी चावतो. सायकलवर घालतो तेच मोजे घालून. एक्सेल शीट घरी ठेवली. त्या दुकानात शिकलो ते इथे सांगतो, कुणाच्या तरी करंगळ्या वाचतील.

बुटाच्या आतली गादी बाहेर काढायची आणि तिच्यावर उभं राहायचं. पाय कडेने बाहेर सांडत असेल तर बूट किती का भारी असेना, ठेवून द्यायचा. मग बूट हातात धरून वाकवायचा. बोटांपाशी थोडा वाकला तर ठीक, मधोमध दुमडला तर नको. मग दुकानाच्या पायरीच्या कडेवर चवड्याने उभं राहायचं, टाच हवेत. ती कड म्हणजे आपलं पेडल. मिनिटभरात कड तळव्याला टोचू लागली तर सोल मऊ आहे. तळ सपाट हवा, खोल खाचांचा नको. रबर अंगठ्याच्या नखाने किंचित दबलं पाहिजे. नाड्या आत खोचता आल्या पाहिजेत, नाहीतर उजवी नाडी एक दिवस चेनमध्ये जाणारच. आणि कापड पातळ हवं. फोम भरलेला बूट भिजला की पेपर कोंबूनसुद्धा सकाळपर्यंत वाळत नाही.

सहावा जोड जमला. साधा, सपाट, जाड सोल कडेने शिवलेला, पुढून ऐसपैस. नाव कुणी ऐकलेलं नाही, किंमत अठराशे. फाइव्ह टेनसारखी पकड नाही, मान्य. पण आता चार महिने झाले, पाय सटकलेला नाही आणि चाकणच्या पलीकडेही दहाच्या दहा बोटं जागी असतात :)

मी बाबांना म्हटलं, तुम्हीपण एक जोड घ्या. "मला आता कुठे जायचंय सायकलवर?" म्हणून त्यांनी उडवून लावलं. पण मी पैसे देत होतो तेव्हा वळून पाहिलं, तर ते दुकानातल्या मापाच्या पट्टीवर उभे होते, दुकानदार खाली वाकलेला.

"किती?" त्यांनी विचारलं.

"नऊ, काका. आणि पंजा रुंद आहे."

बाबा क्षणभर पट्टीकडे बघत राहिले. मग चपला घातल्या आणि म्हणाले, "चल, उशीर होतोय."