सासूबाईंची कॅसेट आणि लाल-पांढरी वायर

आपल्यापैकी बहुतेकींच्या माळ्यावर कॅसेटींचं एक खोकं असतंच. प्रवचनं, स्तवनं, कुणाचं बारसं. वाजवायला टेप नाही आणि टाकून द्यायला मन होत नाही. बाजारातून आणलेल्या कॅसेटींची फारशी काळजी नको, त्यातलं बरंचसं आता मोबाइलवर मिळतं. प्रश्न घरी भरलेल्यांचा असतो, कारण त्याची दुसरी प्रत कुठेच नसते.

आमच्याकडे अशी एकच होती. १९८९ साली सासूबाईंनी वन्संसाठी भरलेली, साठ मिनिटांची. एका बाजूला भक्तामराचे ४८ श्लोक, दुसऱ्या बाजूला नुसत्या गप्पा. वन्संचा टेप बिघडल्यावर ती आमच्याकडे आली आणि राहिली. सासूबाईंना जाऊन आता वीस वर्षं झाली. वन्संची नजर गेली आहे, पुस्तक घेऊन पाठ करता येत नाही. भक्तामर मोबाइलवर शंभर गळ्यांतून मिळतं, पण त्यांना आईची चाल हवी होती. म्हणून हे काम मी अंगावर घेतलं.

कॅसेट हाताशी आली की लगेच टेपमध्ये घालू नका. आधी तिच्या वरच्या कडेला दोन चौकोनी खाचा असतात त्या पाहा. तिथली प्लास्टिकची चिपटी मोडलेली असेल तर चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी आवाज पुसला जात नाही. शाबूत असेल तर ती मोडून टाका. (आपणच पूर्वी खाचेवर चिकटपट्टी लावून जुन्या गाण्यांवर नवी भरत होतो, आठवतं ना? ती पट्टी असेल तर काढा.) मग मधली छोटी पट्टी आणि तिच्यावरची लोकरीची गादी जागेवर आहे का बघा. सोलापूरच्या उन्हाळ्यात स्लॅबखालचा माळा भट्टीसारखा तापतो आणि गादीचा गोंद सुटतो. गादी नसेल तर टेप हेडला नीट टेकत नाही, आवाज येतो नि जातो. फीत सैल असेल तर सहा कडांची पेन्सिल भोकात घालून हलकेच गुंडाळायची.

फिलिप्सने ही कॅसेट १९६३ साली आणली. तिची फीत जेमतेम चार मिलिमीटर रुंद आणि सेकंदाला पाच सेंटिमीटरहूनही कमी सरकते. एवढ्याशा जागेत आवाज असल्यामुळे हेडवरची थोडी घाणही आड येते. औषधाच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, कापसाच्या काडीने हेड पुसायचं. डेक माझ्या दिरांकडे बंद पडून होता. आतला रबरी पट्टा वितळून डांबरासारखा झाला होता. नव्या पेठेतल्या एका कारागिराने तो बदलला आणि हेडजवळचा बारीक स्क्रू केसभर फिरवून दिला. ज्या टेपवर कॅसेट भरली, तिच्या हेडचा तिरपेपणा आणि आपल्या डेकचा जुळला नाही की आवाज घोंगडीतून आल्यासारखा येतो. या माणसाच्या हाताला मी शंभरपैकी शंभर गुण देईन.

आता वायरी. मी कॉमर्सची, विज्ञान दहावीपुरतं. पण दुहेरी नोंद शिकलेल्या बाईला जोडणी अवघड नाही. प्रत्येक वायरीला दोन खाती असतात: एकीकडे ‘आउट’, तर दुसरीकडे ‘इन’ असलंच पाहिजे. डेकच्या मागे ‘लाइन आउट’ची दोन गोल भोकं असतात, त्यात लाल आणि पांढरी पिन जाते. लाल उजवीकडचा आवाज, पांढरी (कधी काळी) डावीकडचा. स्पीकरच्या वायरी मात्र कॉम्प्युटरला कधीही जोडू नका. तिथला जोर फार जास्त असतो, यंत्र जळू शकतं. तुमच्याकडे जुना टू-इन-वन असेल आणि त्याला लाइन आउट नसेल, तर हेडफोनच्या भोकातून आवाज मध्यम ठेवून घेता येतो. त्या जाड हेडफोन पिनेचं मूळ जुन्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये आहे. तिथे बसलेल्या बायका दिवसभर त्याच पिना या भोकातून त्या भोकात घालून लोकांची बोलणी जुळवत असत. मग आपल्याला काय अवघड आहे?

मोबाइलच्या किंवा लॅपटॉपच्या छोट्या भोकात थेट पिन घालून काम नीट होत नाही. तिथे आत जाणारी वाट फक्त माइकची असते, लाइनचा आवाज तिला झेपत नाही, फाटतो. म्हणून एका बाजूला लाल-पांढरं भोक आणि दुसऱ्या बाजूला यूएसबी असलेली छोटी डबी घ्यावी लागते. दुकानात मला सोन्याचा मुलामा दिलेली महागडी वायरही दाखवली. मीटरभर अंतराला साधी, पण वरून जाळीचं आवरण असलेली वायर पुरते. पैसे वाचवा.

नातवाने लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घालून दिलं. पहिल्यांदा लावलं तर भक्तामराऐवजी एकसुरी घूंऽऽ. डेकला ऐकण्यासाठी ॲम्प्लिफायर जोडलेला होता. त्याचा प्लग तीन पिनांचा, लॅपटॉपच्या चार्जरचाही तीन पिनांचा. दोन्हींचं अर्थिंग आणि मधली वायर मिळून एक वर्तुळ होतं, त्यात विजेचं ५० हर्ट्‌झचं गुणगुणणं शिरतं. कुणीतरी अर्थिंगची जाड पिन काढून टाका म्हणालं. तसलं काही करू नका, ती पिन जीव वाचवायला असते. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला आणि घूं थांबलं.

आवाजाची पातळी अशी ठेवायची की सर्वांत मोठ्या आवाजालाही पट्टी लाल होणार नाही. फाइल आधी डब्ल्यूएव्हीमध्ये साठवा, एका तासाला सहाशे एमबीहून थोडी जास्त जागा लागते. पाठवायला त्याचीच छोटी एमपी३ करायची. सरसर काढण्याची सोय आहे, मी ती वापरली नाही. त्या सरसरीबरोबर सासूबाईंचा श्वासही जातो.

एक गोष्ट सांगते. प्रत्येक श्लोकाच्या आधी, शांततेत, त्यांचाच आवाज अगदी पुसट ऐकू येतो आणि मग खरा आवाज सुरू होतो. कारागीर म्हणाला, वर्षानुवर्षं गुंडाळलेल्या फितीच्या एका थराचा आवाज शेजारच्या थरावर उमटतो, उष्णतेने जास्तच. तो दोष आहे खरा. काढायचा प्रयत्नही मी केला नाही.

वन्संना एक बाजू पाठवली. दोन दिवस फोन नाही. तिसऱ्या दिवशी आला, तोही भांडायलाच: ‘‘आई अठराव्या श्लोकाला खोकली होती, ते तू कापलंस की काय?’’ कापलं नव्हतं, एकोणिसाव्याला आहे. त्यांना म्हटलं, पुढे ऐका. दुसरी बाजू, गप्पांची, येत्या रविवारी भरणार आहे.