कोटमसरचा पुणेरी मासा

एका जुन्या मत्स्यनोंदीत ‘पूना’ हे गाव दिसलं आणि मी तिथेच अडकले. १८७२ साली फ्रान्सिस डे यांनी बोटाएवढ्याही न भरणाऱ्या एका मिशाळ माशाचं वर्णन केलं, त्याचा मूळ नमुना आपल्या पुण्याचा. शास्त्रीय नाव इंडोरिओनेक्टिस इव्हेझार्डी. पुढे याच जातीत गणला गेलेला मासा थेट बस्तरच्या कोटमसर गुहेत सापडला. रंग उडालेला, डोळे खुरटलेले. हे वाचल्यावर मला बस्तर गाठणं भागच होतं.

आम्हा पुणेकरांना गुहा म्हणजे छिन्नीची. पाताळेश्वर घ्या, कार्ला-भाजे घ्या, सगळा काळा कातळ. पाण्यात विरघळून आतून पोकळ होणं त्याच्या स्वभावात नाही. त्यासाठी चुनखडीच हवी. जगदलपूरजवळच्या कांगेर खोऱ्यात ती आहे. पावसाळ्यात कोटमसरमध्ये पाणी भरतं, म्हणून गुहा बंद असते. हिवाळ्यात अरुंद तोंडातून वाटाड्याच्या मागे खाली उतरायचं. बाहेर थंडी, आत दमट ऊब. वाटाडे लवणस्तंभांत देव दाखवतात. मला मात्र नुसता स्तंभच जास्त आवडतो. वर टोकाशी एक थेंब लोंबत असतो, फुगतो, सुटतो, आणि खाली कणभर चुना ठेवून जातो.

या कणांची पुटं पुढे पावसाची बखर होतात. याच खोऱ्यातल्या दांडक गुहेतला एक लवणस्तंभ शास्त्रज्ञांनी थराथराने तपासला. प्राणवायूच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून इसवी सन ६०० ते १५०० पर्यंतच्या पावसाचा अंदाज लागला. चौदाव्या-पंधराव्या शतकांत पाऊस पुन्हा पुन्हा रुसलेला दिसतो. आपल्याकडचा दुर्गादेवीचा दुष्काळ त्याच काळातला, १३९६च्या सुमारास सुरू झालेला. बारा वर्षं टिकला म्हणतात. गावं ओस पडली, माणसं देशोधडीला लागली. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी सरकारी कोठारं उघडली, ती कथा पुढच्याच शतकातली. लहानपणी कीर्तनात ऐकलेली ती भूक मला कथेतलीच वाटे. पण तो न पडलेला पाऊस बस्तरच्या अंधारात दगडावर नोंदला गेला आहे. बखरकाराला धन्याची मर्जी सांभाळावी लागते, थेंबाला नाही. माझा विश्वास थेंबावर.

आणि मासा? दिसला. गुडघाभर डबक्याच्या तळाशी, फिकट गुलाबी. मिशांनी गाळ चाचपत होता. वाटाड्याने प्रकाश बाजूला घेतला तसा तो निवांत पुढे सरकला. पुण्यात त्याच्या भाईबंदांच्या मुठा नदीत आज शहराचं सांडपाणी वाहतं.

तुम्ही गेलात तर विजेरी पाण्यावर रोखू नका, आणि स्तंभाला हात लावू नका. तळहाताचा तेलकटपणा लागला की त्या जागी चुना धरेनासा होतो.