बंद नाकामागचा धागा

धरणगावात कापसाचा हंगाम सुरू झाला की माझ्या दवाखान्यात चोंदलेल्या नाकांच्या तक्रारी वाढतात. अशाच एका हिवाळ्यात जिनिंगमध्ये काम करणाऱ्या एक मावशी आल्या. "डॉक्टरसाहेब, रातले नाक बंद व्हई जास, झोप लागत नही," असे म्हणत त्यांनी पिशवीतून नाकात टाकायच्या थेंबांची बाटली काढली. गेली दोन वर्षे रोज रात्री त्या ते थेंब टाकत होत्या. पहिली चिठ्ठी माझीच होती. पाच दिवसांनंतर थेंब बंद करा, एवढे सांगायचे मात्र माझ्याकडून राहून गेले होते. ती चूक मला आजही बोचते.

नाक केवळ शेंबडाने बंद होते, असा आपला समज असतो. वास्तविक नाकाच्या आतील भिंतींवरील उंचवट्यांत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. त्यात रक्त भरले की ते फुगतात आणि वाट अरुंद होते. रक्त किती भरावे, हे स्वायत्त मज्जासंस्था ठरवते. तिची एक शाखा रक्तवाहिन्या आवळून धरते. दुसरी त्या सैल करते आणि नाकातून पाणी सोडते. म्हणूनच निरोगी माणसाच्याही नाकपुड्या काही तासांच्या अंतराने आळीपाळीने मोकळ्या होतात. जर्मन डॉक्टर कायझर यांनी १८९५ मध्ये या चक्राचे वर्णन केले; आपल्या योगपरंपरेने तर इडा-पिंगला या नावांनी त्याची दखल फार पूर्वीच घेतली होती.

जुनाट सर्दीत या नसा हळव्या झालेल्या असतात. गार वारा, उदबत्तीचा वास, मिरचीची फोडणी, एवढेच काय, मनावरचा ताणही त्यांना पुरतो. कुशीवर झोपले की खालची नाकपुडी चोंदते; भरभर चालले की नाक मोकळे होते. बाम लावल्याने वाट रुंदावत नाही. त्यातील मेंथॉल थंडावा जाणणाऱ्या नसांना चेतवते आणि श्वास मोकळा झाल्याचा भास होतो. थेंब रक्तवाहिन्या आवळतात खरे, पण रोजच्या वापराने त्यांचा असर ओसरतो आणि सूज अधिक जोराने परतते. मावशींचे नेमके हेच झाले होते.

मी त्यांच्याजवळ माझी चूक कबूल केली. आधी एका नाकपुडीतील थेंब थांबवले, मग दुसऱ्या. सोबतीला उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुणे, सूज उतरवणारा स्प्रे, उंच उशी आणि कामावर तोंडाला रुमाल. पहिले काही दिवस कठीण गेले. महिन्याभराने त्या आल्या, तेव्हा पिशवीत बाटली नव्हती.

एकच नाकपुडी सतत बंद राहत असेल किंवा नाकातून रक्त येत असेल, तर मात्र तज्ज्ञांना दाखवावे. आता थेंबांची चिठ्ठी लिहिताना मी त्यावर थांबवण्याची तारीखही लिहितो आणि ती रुग्णाकडून मोठ्याने वाचून घेतो.