अक्काची बंदूक

बहिणीबरोबर खरेदीला जाण्याचा प्रसंग प्रत्येक भावावर केव्हा ना केव्हा येतोच. माझ्यावर तो फार लहानपणी आला. अक्का माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी. साताऱ्याच्या राजपथावरच्या दुकानांत ती साड्यांचे ढीग उपसत बसे आणि मी पायरीवर बसून रस्त्यावरच्या सायकली मोजीत असे. "हा रंग कसा दिसतो रे?" असे तिने विचारले की "चांगला" म्हणावे, आणि नेमकी तीच साडी तिने बाजूला सारली तरी वाईट वाटून घेऊ नये, एवढे शहाणपण मला सातव्या वर्षीच आले होते. पण या शहाणपणाचा उपयोग पुढे बंदुकीच्या दुकानात करावा लागेल, असे मात्र स्वप्नातही वाटले नव्हते.

ही गोष्ट २०२५ सालच्या ऑक्टोबर महिन्यातली. अक्का अमेरिकेत साउथ डकोटा नावाच्या राज्यात राहते. दाजी तिथल्या एका लहान गावात इंजिनियर म्हणून गेले आणि तिथलेच झाले. नजर पोचेल तिथवर मक्याची शेते, मधूनमधून लव्हाळ्यांनी भरलेल्या पाणथळी, आणि रात्रंदिवस वाहणारा वारा. नाटक नाही, संमेलन नाही, गप्पांना पारही नाही. अशा गावात माणसाने करायचे काय? दाजी शेजाऱ्यांबरोबर फेझंटच्या शिकारीला जाऊ लागले.

फेझंट हा आपल्या रानकोंबड्याच्याच कुळातला पक्षी. नराचा रंग तांब्याच्या घासलेल्या घंगाळासारखा, गळ्यात पांढरी कंठी आणि मागे हातभर शेपटी. तो मूळचा अमेरिकेचा नव्हेच. १८८१ साली ओवेन डेनी नावाच्या अमेरिकन वकिलाने तो शांघायहून ओरेगॉनला धाडला. पुढे साउथ डकोटात तो असा रुजला की १९१९ साली तिथे त्याच्या शिकारीचा पहिला हंगाम झाला आणि १९४३ साली तो त्या राज्याचा राज्यपक्षी ठरला. "माझ्यासारखाच आहे," अक्का म्हणते. "आला पाहुणा म्हणून आणि बसला घरचा होऊन."

दाजींना जाऊन आता तीन वर्षे होत आली. मागे राहिले घर, मोती नावाचा काळाकुळकुळीत लॅब्राडोर कुत्रा, आणि दाजींची बाराच्या नळीची बंदूक. दाजी होते तोवर अक्का शिकारीला जायची ती जेवणाचा डबा आणि पाण्याची बाटली घेऊन, चार पावले मागून. ते गेल्यावर ऑक्टोबर उजाडला, आणि मोती दाराशी जाऊन बसू लागला. बंदुकीच्या कपाटाकडे बघायचा आणि अक्काकडे बघायचा. शेवटी २०२४ साली तिने दाजींची बंदूक खांद्याला लावली. तिचा तो खांदा आधीच आखडून बसलेला. दोन बार काढले आणि पंधरा दिवस खांदा जांभळा होऊन राहिला.

मी रजा काढून गेलो, तेव्हा चहाचा कप हातात देता देता अक्का म्हणाली, "बरं झालं आलास. मला एक बंदूक घ्यायचीय. मऊ."

मऊ बंदूक! वीस वर्षे मी मराठी शिकवतो. मऊ भात, मऊ गादी, मऊ स्वभाव, इथवर माझी मजल गेली होती. या विशेषणापुढे हे नाम आलेले मी त्या दिवशी प्रथम ऐकले.

मी तिला समजावू लागलो. घरातल्या तसबिरीमागे चिमण्यांनी केलेले घरटे, त्यातले पिल्लू पंख्याला लागून पडले तेव्हा कॉलेजात जाणारी अक्का दोन दिवस जेवली नव्हती, याची आठवण दिली. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकार कशी बंद झाली, ते सांगितले. लहानपणी एअरगनने चिमणी मारणारे सलीम अली पुढे पक्ष्यांचे केवढे अभ्यासक झाले, तेही ऐकवले. अक्काने सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"झालं व्याख्यान?" ती म्हणाली. "इथं बंदुकांवर आणि काडतुसांवर शेकडा ११ कर आहे. १९३७ सालच्या कायद्यानं त्या पैशातून रानं राखतात. मादीला हात लावायचा नाही, दिवसाला तीन नरांच्या वर मारायचे नाहीत. आणि जे मारायचं ते खायचं. तू मटण आणतोस तेव्हा बकऱ्याचं तोंड बघतोस का? चल, गाडीत बस."

दुकानदार सत्तरीचा, जाड भिंगाचा चष्मा लावलेला गृहस्थ होता. मी पाहुणा म्हणून आलेला परदेशी. शिकारीचा परवाना असल्याखेरीज अशा माणसाला तिथे बंदूक बाळगता येत नाही. तेव्हा मी हात मागे बांधून, प्रदर्शनाला आलेल्या शाळकरी मुलासारखा उभा राहिलो. एकामागून एक बंदुका फळीवरून खाली येऊ लागल्या. साड्यांच्या दुकानातलाच देखावा, फक्त पदर कुणी उलगडून दाखवीत नव्हते.

प्रथम नळीच्या आकड्याचा घोळ झाला. अक्काला बाराच्या ऐवजी विसाची हवी होती. मी तिच्या कानाशी लागून म्हटले, "अगं, बाराची सोसत नाही आणि विसाची घेतेस?" तेव्हा कळले की हा हिशेब उलटा आहे. एक पौंड खव्याचे सारखे बारा पेढे वळले तर पेढा मोठा होतो, वीस वळले तर लहान. तसेच एक पौंड शिशाच्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक गोळी जिच्यात बसेल, ती बाराची नळी. वीस केल्या तर विसाची. आकडा मोठा, नळी लहान, छर्रे कमी. बाराच्या काडतुसात सव्वा औंस छर्रे असतील तर विसाच्यात सहसा औंसभर किंवा त्याहून थोडे कमी. छर्रे जितक्या जोराने पुढे जातात तितक्याच जोराने बंदूक मागे येते. तेव्हा पुढे कमी धाडले की मागेही कमी येते. हा न्यूटनचा नियम मी शाळेत पाठ केला होता, पण तो कुणाच्या खांद्यावर येऊन आदळतो, हे कधी ध्यानात आले नव्हते.

मग त्याने एक बंदूक काढली. नाजूक, पिसासारखी हलकी. मी मान डोलावली. साठीच्या घरात आलेल्या बाईला हलकी वस्तू बरी, असा माझा सरळ विचार. म्हातारा हसला. "सगळे इथंच फसतात," तो म्हणाला. बंदूक जितकी हलकी तितकी ती उसळून मागे येते. जड बंदूक स्वतःच्या वजनाने निम्मा दणका गिळते. पण जड बंदूक दिवसभर शेतातून वाहायची कुणी? तेव्हा फार हलकी नको, फार जड नको, साडेसहा-सात पौंडांची बरी.

मऊपणाचे खरे मर्म मात्र पुढेच होते. एक बार उडाला की रिकामे काडतूस आपोआप बाहेर पडून दुसरे आत येते, चाप मात्र दर वेळी आपणच ओढायचा, अशा बंदुकीला अर्धस्वयंचलित म्हणतात. शिकारीच्या बंदुकीत हे प्रथम नीट साधले ते जॉन ब्राउनिंगने. १९०२ साली तो आपला नमुना घेऊन एका कारखान्याच्या अध्यक्षाच्या भेटीसाठी बसला असताना आतून निरोप आला, की अध्यक्षमहाशय नुकतेच वारले. ब्राउनिंग तसाच उठला, बोटीत बसून बेल्जियमला गेला आणि तिथे ती बंदूक निघाली. तिच्यात आख्खी नळीच मागे सरकून पुन्हा पुढे येई. पुढे नवी युक्ती आली. नळीला बारीक भोके पाडायची, दारूचा थोडा वायू त्यातून खाली घ्यायचा आणि त्याच्या रेट्याने दट्ट्या मागे ढकलायचा. १९६३ साली निघालेली रेमिंग्टनची ११०० ही बंदूक याच जातीची, आणि तिचे नाव झाले ते मऊपणासाठीच.

"म्हणजे हिच्यात धक्का बसत नाही?" मी विचारले.

म्हाताऱ्याने चष्मा काढून पुसला. "धक्का तेवढाच असतो," तो म्हणाला. "हिच्यात तो एकदम येत नाही, जरा लांबवून येतो. ठोसा बसायचा तिथं कुणी ढकलल्यासारखं वाटतं."

या जातीला एक खोडही आहे. वायूबरोबर काजळी येते, आणि भोके साफ ठेवली नाहीत तर बंदूक ऐन वेळी अडते. आमच्या लहानपणी रॉकेलच्या स्टोव्हला पिन करावी लागे, तसेच हे. "स्टोव्हला पिन करण्यात जन्म गेला," अक्का मला मराठीत म्हणाली, आणि मी ओळखले की खरेदी झाली.

राहता राहिले माप. दस्ता कोपराच्या बेचक्यात टेकवून बोट चापापाशी पोचते का, हे त्याने पाहिले. पाच फुटी अक्काला दस्ता लांब पडला. तो कापून आखूड करायचा आणि मागे जाड रबराची गादी बसवायची असे ठरले. बंदूक जुनीच होती, ११००, विसाची. अक्काने अर्ज भरला, तिची रीतसर चौकशी झाली, आणि चार दिवसांनी बंदूक घरी आली.

त्या चार दिवसांनंतर शेजारच्या कुरणात सराव झाला. यंत्रातून नारिंगी रंगाच्या थाळ्या आकाशात फेकतात. पणतीएवढ्या, डांबर आणि चुनखडीच्या भुकटीच्या. अक्काने पहिल्या सात पणत्या सुखरूप जमिनीवर उतरू दिल्या. आठवी फुटली. मोती भुंकला, आणि मी नकळत टाळी वाजवली.

हंगाम उघडायचा तो तिथे ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी. त्या वर्षी तो १८ तारखेला आला, आणि नेमकी त्याच दिवशी धनत्रयोदशी. सकाळी अक्काने देवापुढे धने-गूळ ठेवला, दिवा लावला आणि बूट चढवले. दहाच्या आधी बार काढायची परवानगी नसते. दहाच्या ठोक्याला आम्ही ओळीने चालू लागलो. मी डबा आणि पाण्याची बाटली घेऊन चार पावले मागे. दाजींच्या हयातीत ही जागा अक्काची होती, हे मला पाचपंचवीस पावले चालल्यावर लक्षात आले. फेझंटसाठी पेरलेल्या त्या पट्ट्यात पीक होते ज्वारीचे! साताऱ्याच्या माणसाला इतक्या दूर ज्वारीची कणसे भेटावीत, याचे मला फार नवल वाटले.

मोतीचे नाक जमिनीला लागले. तो एकदम थबकला आणि फडफडाट करीत एक नर उठला. ओळीतून ओरडा झाला. पक्ष्याखाली आभाळ दिसल्याशिवाय बार काढायचा नाही, हा तिथला पहिला धडा. अक्का थांबली. पक्षी वर चढला, उन्हात झळकला. पहिला बार हुकला. दुसऱ्याला तो हवेतच दुमडला आणि ज्वारीत पडला.

मोतीने तो आणून अक्काच्या हातात दिला. ती बराच वेळ तशीच उभी होती. तांबूस पिसांवरून तिचा हात फिरत होता. मला ते चिमणीचे पिल्लू आठवले. तिलाही आठवले असावे, की दुसरेच कुणी, ते मी विचारले नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली, "खांद्याला काही कळलंसुद्धा नाही रे."

एवढे बोलून तिने बंदुकीतले उरलेले काडतूस काढले, खाली बसली आणि मोतीच्या मानेत तोंड खुपसून रडली. दाजी गेल्यापासून फोनवरही ती कधी रडलेली मी ऐकली नव्हती. "मी ठीक आहे" हेच ऐकत आलो होतो, आणि सोयीचे म्हणून ते खरेही मानीत आलो होतो. म्हाताऱ्याने चष्मा पुसत सांगितले होते, धक्का तेवढाच असतो. मी बाटलीचे झाकण उघडून उभा राहिलो. ओळीतली माणसे न बोलता थांबली होती.

दिवाळीत सामिष चालत नाही, म्हणून तो पक्षी भाऊबीज उलटेपर्यंत बर्फात राहिला आणि नंतर कांदा-लसूण मसाल्यात शिजला. मी खाल्ला. नाही म्हणण्याचा मला अधिकार उरला नव्हता. भाऊबिजेला, २३ तारखेला, अक्काने ओवाळले. ताटात मी ओवाळणी घातली ती नळी पुसायचा गज, ब्रश आणि तेलाची बाटली. अक्का हसली. "साडी आणली असतीस तर कपाटात पडली असती," ती म्हणाली.

आता दर रविवारी मी तिला फोन करतो. पूर्वीसारखे "कशी आहेस?" असे विचारीत नाही, कारण त्याचे उत्तर मला पाठ आहे. मी विचारतो, "बंदुकीला पिन केलीस का?" मग ती सांगू लागते. बंदुकीचे, मोतीचे, वाऱ्याचे, आणि मधूनच दाजींचे. मी ऐकत राहतो, आणि तिचे बोलून होईपर्यंत फोन ठेवीत नाही.