काचेवरचा ठसा

आमच्या पिढीचं जंगल एका पोस्टकार्डापासून सुरू व्हायचं. नागझिऱ्यातल्या विश्रामगृहात खोली हवी असेल तर कचेरीला पत्र टाकायचं आणि पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसायचं. उत्तर आलं की नागपूरहून एसटीने साकोली, साकोलीहून मिळेल त्या वाहनाने पिटेझरी, आणि तिथून पुढे पायी. पाठीवर तांदूळ, डाळ, कांदे. खिशात वही आणि पेन्सिल. दुर्बीण चौघांत मिळून एकच, त्यामुळे पक्षी दिसला की आधी कुणी पाहायचं हेही ठरलेलं असे.

आता आरक्षण घरबसल्या होतं. तारीख, वेळ, गेट, गाडी, सगळं फोनवर दिसतं. हे चांगलंच झालं. तेव्हा ओळख असेल त्याला खोली मिळायची आणि नसेल त्याच्या पत्राला उत्तरच यायचं नाही, हेही मला आठवतं. पण पोस्टकार्ड टाकल्यापासूनचे ते पंधरा-वीस दिवस रिकामे जात नसत. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’ हातोहात फिरायचं, मारुती चितमपल्लींच्या पुस्तकांतून झाडं आणि पाखरं पाठ व्हायची. स्वर्गीय नर्तक, नवरंग, हळद्या, हरियल. आम्ही जंगलात पोहोचायच्या आधी त्यांची नावं आमच्या घरी मुक्कामाला आलेली असत.

सोबतीला एक म्हातारा वनमजूर असे. आम्ही त्याला मामा म्हणायचो. निघण्यापूर्वी तो आम्हाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळी. पांढरा सदरा दिसला तर बदलायला लावी. खिशातली नाणी रुमालात बांधायला लावी, म्हणजे चालताना वाजू नयेत. मग चिमूटभर धूळ उचलून बोटांतून सोडी आणि वारा कुठून कुठे जातो ते पाही. ‘बाबू, आधी आयका, मंग पाहा,’ एवढंच त्याचं शिक्षण. त्या वाक्याने आम्हाला चितळाची शीळ आणि सांबराचा ढाँक ओळखायला शिकवलं. वानर खोकरलं की श्वास रोखायचा, दुसऱ्यांदा खोकरलं की आवाजाची दिशा धरायची, आणि तिसऱ्यांदा खोकरलं नाही तर मुकाट्याने पुढे निघायचं. वाटेत मगरीच्या पाठीसारख्या सालीच्या ऐनाला टेकून बसलो की पानगळीतल्या सागाचं एकेक पान खाली पडताना ऐकू येई.

आता अभयारण्यात पायी फिरता येत नाही. गाडीतून उतरायचं नाही, आवाज करायचा नाही, ठरलेला रस्ता सोडायचा नाही. हे नियम मला मनापासून पटतात, कारण नियम नव्हते तेव्हा आम्ही काय केलं ते मला माहीत आहे. आम्ही घरट्यांजवळ गेलो, कारण अंडी पाहायची होती. ऐन उन्हाळ्यात पाणवठ्यापाशी ठाण मांडलं, आणि तहानलेली जनावरं आमच्या वासाने परत फिरली. सांबराचं गळालेलं शिंग घरी आणलं आणि भिंतीवर मिरवलं. आमचं प्रेम खरं होतं, पण त्या प्रेमाची किंमत जंगलाने मोजली. तरी गाडीत बसलो की जाणवतं, पाहणं वाढलं आणि ऐकणं हरवलं. इंजिनाच्या घरघरीत सुतार पक्ष्याची टकटक कुठे ऐकू येणार? वाघ दिसला की सफारी सफल, नाही दिसला की सकाळ वाया. आमच्या वहीत मात्र वाघ न दिसलेल्या दिवसांचीच पानं जास्त भरलेली आहेत.

बुद्धपौर्णिमेची रात्र म्हणजे आमचा सण. पाणवठ्यावरच्या मचाणावर दुपारीच चढायचं, सोबत दशम्या आणि पाण्याचा कॅन, आणि रात्रभर येणाऱ्या-जाणाऱ्या प्राण्यांची नोंद करायची. सकाळी खाली उतरलं की वाघाचे ठसे शोधायचे. मातीत ठसा सापडला की मामा गुडघे टेकून बसे. ठशावर काच धरायची, पेनाने त्याची कड गिरवायची, मग काचेवरून कागदावर उतरवायची. ज्याचा हात स्थिर त्याला तो मान. ठसा गिरवताना कुणी बोलत नसे. नुकत्याच इथून गेलेल्या जनावरापुढे खाली वाकल्यासारखं वाटायचं.

पुढे कळलं, ठशांवरून होणारी वाघांची ती मोजणी भरवशाची नव्हतीच. एकाच वाघाचा ठसा ओल्या मातीत वेगळा उमटतो आणि भुसभुशीत धुळीत वेगळा. एकाचे दोन होतात, दोघांचा एक होतो. २००५ साली राजस्थानातल्या सरिस्कामध्ये एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं, तेव्हा कागदावरचे वाघ आणि जंगलातले वाघ यांतलं अंतर साऱ्या देशाला दिसलं. २००६ च्या राष्ट्रीय गणनेपासून ठशांची जागा कॅमेऱ्याने घेतली. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे, त्यामुळे कॅमेरा वाघाला नेमका ओळखतो. नागझिऱ्यात जन्मलेला ‘जय’ नावाचा वाघ २०१३ साली उमरेड-कऱ्हांडल्यात जाऊन राहिला. काचेच्या भरवशावर राहिलो असतो, तर आम्ही त्याला तिथला कुणी नवाच वाघ समजलो असतो. तोच जय २०१६ च्या एप्रिलनंतर कुणाला दिसला नाही, हेही खरं. पण निदान तो कोण होता आणि कधीपासून नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. आमच्या काळात किती जय असेच गेले असतील, त्यांची नोंदही नाही.

१९७० साली अभयारण्य झालेला नागझिरा डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात सामावला. पूर्वीचं १५२ चौरस किलोमीटरचं जंगल आता शेजारच्या जंगलांशी जोडून राखलं जातं. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीच्या बाजूच्या दोन वाघिणी इथे आणून सोडल्या, गळ्यात रेडिओ कॉलर बांधून. आम्हाला जे जंगल अथांग वाटायचं, ते वाघाला अपुरं होतं. नागझिरा आणि नवेगावच्या मधून महामार्ग जातो. तेव्हा त्याच रस्त्याने येताना आम्हाला फक्त जंगल जवळ आल्याचा आनंद व्हायचा.

गेल्या खेपेस गाडीत आमच्यासोबत गाईड म्हणून गावातलीच एक तरुण मुलगी होती. खाकी गणवेश, गळ्यात स्वतःची दुर्बीण. मी तिला मामाच्या, पायवाटांच्या, त्या दिवसांच्या गोष्टी सांगत होतो. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘काका, तुम्ही हौसेने चालत होते. माझे आजोबा मोहफुलं वेचायला पहाटे अंधारात चालत जात. अस्वलाने त्यांचा एक डोळा नेला.’ तिच्या आवाजात राग नव्हता. ज्या वाटेची मला ओढ होती, त्याच वाटेने तिच्या घरात भीती आली होती. आता तिला याच जंगलातून रोजी मिळते. माझ्या हळहळीपेक्षा ही गोष्ट मोठी आहे, हे मला तेव्हाच मान्य झालं.

थोडं पुढे गेल्यावर तिने हात वर करून गाडी थांबवली. रस्त्याच्या कडेला धुळीत ताजे ठसे होते. पहाटेचं दव त्यांच्या भोवती होतं, आत नव्हतं. तिने ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं आणि बोट ओठांवर ठेवलं. उतरायची मुभा नव्हती. मी गाडीच्या कडेवरून जमेल तितका वाकलो, आणि माझा हात आपोआप खिशाकडे गेला. नाणी नव्हतीच, पण मी खिसा मुठीत घट्ट धरला. दूर कुठेतरी वानर खोकरलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मग आम्ही दोघंही दुसऱ्या हाकेची वाट पाहत बसलो.